देहूचा डोह आणि महाशीर

महाळुंग्याच्या चौकात सकाळी पहिल्या पाळीच्या बसगाड्या लागतात. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरची रांग, टपऱ्यांवर चहा, हेल्मेट हातात घेऊन उभी असलेली मुले. या चौकातून दक्षिणेला निघोज्याच्या बाजूला वळले की कारखान्यांच्या कुंपणभिंती संपता संपता जमीन उताराला लागते, आणि थोड्याच वेळात इंद्रायणी दिसते. या पट्ट्यात कामाला आलेल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी माणसांनी ती अजून पाहिलेली नाही. इंद्रायणी म्हटले की त्यांना आळंदीचा घाट आठवतो, फार तर बातम्यांत दिसणारा पांढरा फेस. आपण जिथे नोकरी करतो तिथून ती हाकेच्या अंतरावर वाहते, हे सांगितले की त्यांना खरे वाटत नाही.

निघोज्याला नदीवर बंधारा आहे. वरच्या अंगाला तुकोबांचे देहू, खालच्या अंगाला ज्ञानोबांची आळंदी, आणि मधल्या या तुकड्यात एका काठाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या काठाला चाकणची औद्योगिक वसाहत. मी इथे अधूनमधून येऊन उभी राहते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी बंधाऱ्यावरून उड्या मारू लागते तेव्हा मासे धारेविरुद्ध झेपावताना दिसतात. ते कोणते मासे, कुठे निघाले आहेत, हे मला सुरुवातीला ठाऊक नव्हते. त्यांच्यामागे लागता लागता मी ज्या माशापाशी पोहोचले, त्याची ही हकिगत. तो मासा म्हणजे महाशीर.

महाशीर हा रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण स्वभावाने अगदी वेगळा. लांबट, पिळदार अंग, ओठ जाड, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, आणि खवले एवढे मोठे की एकेक खवला सुटा मोजता यावा. आपल्या दख्खनी महाशीराचे पर निळसर करडे असतात, म्हणून इंग्रजीत त्याला निळ्या परांचा महाशीर म्हणतात. त्याला वाहते, थंडसर, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. उन्हाळ्यात तो खोल डोहात दबून राहतो आणि पाऊस पडला, नदीला नवे पाणी आले, की वरच्या बाजूला निघतो. काठावरच्या झाडांची पडलेली फळे, शेवाळ, किडे, गोगलगायी, लहान मासे, असे सगळे तो खातो. म्हणजे नदीच्या काठाची झाडेसुद्धा त्याच्या संसाराचा भाग आहेत. त्याची अंडी जड असतात आणि तळाशी बसतात. तळाला स्वच्छ वाळू-खडी असेल आणि तिच्या फटींतून पाणी खेळत असेल तरच ती जगतात. तळावर गाळाचा थर बसला की अंडी गुदमरतात. शिवाय रोहूची मादी जिथे लाखांनी अंडी घालते, तिथे महाशीराची मादी त्या मानाने फारच थोडी घालते. मोठा व्हायला त्याला वर्षे लागतात. अशा प्राण्याला एकदा धक्का बसला की तो लवकर सावरत नाही.

या माशाचे शास्त्रीय नाव पुण्याच्या पाण्यातून गेलेले आहे. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२४पासून त्याच्याकडे दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम होते. महसूल, पिके, लोकसंख्या यांच्या नोंदी करता करता हा माणूस पक्षी आणि मासेही टिपत गेला. दख्खनच्या माशांवरचे त्याचे लेखन १८३९मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने छापले. पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीराला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिले. आज तो जगभर ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो.

साइक्सची ही यादी वाचताना मला दरवेळी भरून येते. त्याने पुष्कळ माशांना लॅटिन विशेषणे शोधली नाहीत. मासे पकडणारे लोक ज्या नावाने हाक मारत होते तीच नावे त्याने त्याच्या कानाला जशी लागली तशी लिहून घेतली. खुद्री, नुक्ता, कोळस, शेंगटी, आळकुटी, रोहटी. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या एका मोठ्या माशाला त्याने ‘मुसुल्ला’ म्हटले. ज्यांनी ही नावे सांगितली त्या भोई-कोळ्यांपैकी कोणाचेही नाव कागदावर नाही. पण त्यांचे शब्द आज दूरदूरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर आहेत. या भागातल्या नदीचे पहिले जाणकार ते होते, आणि संवर्धनाची गोष्ट सांगताना मी सुरुवात त्यांच्यापासून करते.

इंद्रायणीत महाशीर टिकला तो मुख्यतः देवामुळे. देहूला मंदिराखालच्या डोहात त्याला कोणी गळ टाकत नसे. वारकरी, गावकरी चुरमुरे, लाह्या, कणकेच्या गोळ्या टाकत आणि पाणी काळे होऊन उसळे. ज्या डोहात गाथा बुडवली गेली आणि तेरा दिवसांनी कोरडी वर आली अशी श्रद्धा आहे, त्या डोहातले मासे खाण्याचे नाहीत, हे सांगायला पाटीची गरज नव्हती. आळंदीलाही असेच होते. महाराष्ट्रात असे राखलेले डोह आणखी आहेत. महाडच्या बाजूला काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथे वरदायिनी देवीचे मासे. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे, तिथे तिळसेश्वराचे. कर्नाटकात शृंगेरीला तुंगा नदीच्या घाटावरही हेच दृश्य दिसते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिले की लोकांनी देवाच्या नावाने जंगलाचे तुकडे राखले होते. हे डोह म्हणजे पाण्यातल्या देवरायाच.

त्यामागे फक्त भाबडेपणा आहे असे मला वाटत नाही. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा सगळे मोठे मासे तीन-चार डोहांत गोळा होतात. त्यातला एक डोह कायमचा राखला, तर पुढच्या पावसात वीण करायला मादी-नर शिल्लक राहतात आणि मैलोन्‌मैल नदी पुन्हा भरते. मासेमारीवर पोट असलेल्या कोणाही शहाण्या माणसाने हाच डोह राखायला सांगितला असता. श्रद्धेने तो नियम पाळणे सोपे केले, एवढेच.

आता नदीच्या उगमाकडे जाऊ, कारण महाशीराला वाचवण्याचा मोठा प्रयत्न तिथे झाला.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांनी तिथे वीजनिर्मितीसाठी धरणे बांधली. वळवणचे धरण त्यातलेच. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवायचा, नळांतून खोपोलीला खाली सोडायचा आणि त्या पडत्या पाण्यावर मुंबईसाठी वीज करायची, अशी ही योजना. जे पाणी पूर्वेला देहू-आळंदी करत भीमेला आणि पुढे पंढरपुराला गेले असते, त्यातला मोठा वाटा तेव्हापासून पश्चिमेला पाताळगंगेत उतरतो. धरणामुळे वर-खाली फिरणाऱ्या माशांची वाट तुटली. पण वळवणच्या तलावात, वर्दळीपासून दूर, महाशीर मात्र राहिला आणि वाढला.

इथे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांची गाठ पडते. हा माणूस महाराष्ट्राला जेवढा माहीत असायला हवा तेवढा नाही. १९४०मध्ये त्यांनी मुंबईच्या परिसरातल्या खाडीच्या पाण्यातून नखाएवढा, आरपार दिसणारा एक मासा शोधून काढून त्याचे वर्णन केले. ‘होराइक्थिस सेटनाय’ हे त्याचे नाव. जेमतेम इंचभर माशावर काम करणारा हा शास्त्रज्ञ पुढे राज्याचा मत्स्यव्यवसाय संचालक झाला आणि निवृत्तीनंतर आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या माशांपैकी एकामागे लागला. महाशीर कधी वितो, अंडी कशी असतात, पिल्लू कसे वाढते, याची नीट नोंद तोवर नव्हती. दख्खनी महाशीराच्या विणीवरचा आणि अंड्यांच्या वाढीवरचा त्यांचा निबंध मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७०-७१च्या सुमारास आला. त्यांच्याबरोबर वळवणला शशांक ओगले होते. ओगल्यांनी आपले उभे आयुष्य त्या तळ्याकाठी या एका माशावर घालवले. टाटांच्या वीज कंपनीने जागा, माणसे आणि पैसा दिला, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वळवणला महाशीराचे उबवणी केंद्र उभे राहिले.

तिथले काम कसे चाले ते सांगण्यासारखे आहे. जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान तलावात जिथे ओढ्याचे ताजे पाणी उतरते तिथे मोठे मासे धारेच्या ओढीने जमतात. भर पावसात जाळे लावून त्यांना अलगद बाहेर काढायचे. मादीचे पोट मऊ लागले, म्हणजे अंडी पिकली आहेत असे समजायचे. ओल्या फडक्यात धरून पोटावरून हलका हात फिरवला की पिवळी, बाजरीच्या दाण्याहून मोठी अंडी पसरट भांड्यात पडतात. त्यावर नराचे रेत सोडायचे आणि अंडी दुखावणार नाहीत इतक्या हळुवारपणे कालवायचे. पाणी सर्वांत शेवटी घालायचे; आधी घातले तर रेताची ताकद क्षणात संपते. मग अंडी धुऊन जाळीच्या तळाच्या ट्रेमध्ये एकेरी थरात पसरायची आणि वरून सतत वाहते पाणी सोडायचे. अंडे एकावर एक आले, पाणी थांबले, एखादे सडके अंडे वेचायचे राहिले, की बुरशी पसरते आणि सगळा ट्रे हातचा जातो. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पण रोहूच्या पिल्लांसारखी ती लगेच पोहत नाहीत. पोटाखालच्या पिवळ्या बलकाचे ओझे घेऊन कोपऱ्यात, अंधारात, एकमेकांना चिकटून कित्येक दिवस पडून राहतात. नदीत ही पिल्ले खडीच्या फटीत लपतात. ट्रेमध्ये ती फट माणसाने द्यायची.

आणखी एक युक्ती या दोघांनी साधली. अंडी पाण्यातून न नेता ओल्या कापसाच्या थरांत ठेवून नेता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. पाण्याने भरलेली पिंपे हलवायची गरज उरली नाही. लहानशा डब्यात हजारो अंडी विमानाने दुसऱ्या राज्यात पोहोचू लागली. एका धोक्यात आलेल्या माशाचे बीज आता टपालाच्या पाकिटाइतके सोपे झाले. धरणांचे तलाव, नद्या, शिकारीसाठी गळ टाकणाऱ्या हौशी लोकांच्या संस्था, सगळ्यांकडून मागणी आली. लक्षावधी पिल्ले देशभर गेली. या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि पुढे जे सांगायचे आहे ते सांगताना तो कमी होत नाही.

या बीजापैकी बरेचसे कावेरीत गेले. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा होता. पाठीला उंच कुबड असलेला, केशरी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. त्याला शास्त्रीय नावच नीट नव्हते. कित्येक दशके त्याच्यावर साइक्सने घोड नदीतल्या माशाला दिलेले ‘मुसुल्ला’ हेच नाव चिकटवले जात होते, आणि तो घोड नदीतला मासा तर मुळात महाशीर नव्हताच, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. कुबड्या महाशीराची संख्या घटत होती, म्हणून कर्नाटकातल्या मासेप्रेमींनी सद्भावनेने आपल्याकडचे बीज आणून नदीत सोडले. आपला निळ्या परांचा मासा तिथे रुजला, फोफावला. २०१५मध्ये एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी गळाने मासे पकडणाऱ्यांच्या जुन्या वह्या तपासून निबंध लिहिला: निळ्या परांचे मासे वाढत गेले होते आणि कुबडे मासे नाहीसे होत चालले होते. २०१८मध्ये त्या माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त गटात गेला. नदीतली वाळू, धरणे, सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणेही होतीच. पण पुण्याच्या पाण्यातून निघालेला मासा दुसऱ्या नदीत पाहुणा राहिला नाही, मालक झाला, हे खरे.

मला ही गोष्ट वाचून फार वाईट वाटले होते. कोणी वाईट हेतूने काही केलेले नव्हते. मासा म्हणजे मासा, नदी म्हणजे नदी, असा सगळ्यांचा समज होता. आज कळते की कृष्णेच्या खोऱ्यातला मासा आणि कावेरीच्या खोऱ्यातला मासा यांची घरे हजारो वर्षांपासून वेगळी आहेत, आणि एका घरचा रक्षणकर्ता दुसऱ्या घरी संकट होऊ शकतो. हीच चूक आपल्याकडे उलट दिशेनेही चालू आहे. तिलापिया, आफ्रिकन मागूर, डास खाण्यासाठी सोडलेले गप्पी, शोभेच्या टाक्यांतून सुटलेला आणि उजनीत मच्छीमारांची जाळी फाडणारा तो काटेरी ‘हेलिकॉप्टर’ मासा: हे सगळे आपल्या नद्यांत घुसले आहेत.

२०२०मध्ये बातमी आली, की दख्खनी महाशीर संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला ‘किमान चिंता’ गटात टाकले. पन्नास वर्षांच्या कामाचे फळ म्हणून ती साजरी झाली, आणि तसे म्हणायला आधारही आहे. पण ही यादी साऱ्या प्रजातीचा एकत्रित हिशेब करते. त्यात देहूचा डोह कुठेही वेगळा दिसत नाही. मासा कुठल्यातरी शंभर तलावांत आहे म्हणून इंद्रायणीत तो आहे असे होत नाही.

इंद्रायणीत काय आहे याची चांगली मोजदाद २०१२मध्ये छापून आली. नीलेश डहाणूकर, मंदार पैंगणकर, रूपेश राऊत आणि संजय खरात यांनी उगमापासून खालपर्यंत नदी पालथी घालून माशांच्या ५७ जातींची नोंद केली. आपल्या दाराशी वाहणाऱ्या, फेसाने ओळखल्या जाणाऱ्या नदीत ५७ जाती! त्यात फक्त सह्याद्रीत सापडणारे मासे आहेत, फक्त कृष्णेच्या खोऱ्यात सापडणारे आहेत. नाण्यासारखे चपटे, बोटाएवढे, दगडाला चिकटून राहणारे, रात्री फिरणारे. याच लेखात त्यांनी धोकेही सांगितले: मैलापाणी, कारखान्यांचे पाणी, माणसाची नदीतली ढवळाढवळ आणि बाहेरून आलेले मासे. त्याआधी मुळा-मुठेच्या माशांचा असाच हिशेब पुण्याच्या हेमंत घाटे यांनी आपल्या सहकाऱ्यासह घातला होता. महाविद्यालयांतल्या या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी, गुडघाभर पाण्यात, पागेर फेकून आणि मासळीबाजारात विचारपूस करून केलेले हे काम नसते, तर काय गमावतो आहोत ते आपल्याला कळलेही नसते.

मासा नदीत मरतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पंचवीस अंशाच्या स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे मासा आपल्याहून तीस पटींनी विरळ हवेत जगतो, आणि कल्ल्यांनी तेवढाही वेचून घेतो. नाल्यातून मैला, अन्नाचे पाणी, साबण नदीत उतरले की जिवाणू ते कुजवू लागतात, आणि कुजवण्यासाठी तोच प्राणवायू वापरतात. पाणी वाहते असेल, खडकांवर आपटत असेल, तर हवेतून भर पडत राहते. बंधाऱ्यामागे ते तुंबले आणि वर जलपर्णी पसरली, की हवा लागायची थांबते. दिवसा शेवाळ थोडा प्राणवायू सोडते, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेते. म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. उन्हाळ्यात नदी आटलेली असताना, किंवा पहिल्या वळवाने सगळ्या नाल्यांमधली चार महिन्यांची घाण एकदम लोटून आणली की, सकाळी डोह पांढरा दिसतो. महाशीर सर्वांत आधी जातो, कारण त्यालाच सर्वांत जास्त प्राणवायू लागतो. देहूत मासे मेल्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत.

फेसाचे कारण वेगळे आहे, पण घर एकच. कपडे-भांड्यांच्या साबणातले आणि कारखान्यांतल्या धुलाईच्या रसायनांतले घटक पाण्याचा पृष्ठताण मोडतात. असे पाणी बंधाऱ्यावरून कोसळले की हवा घुसळली जाते आणि फेस उभा राहतो. आळंदीला घाटाखाली तो हिमासारखा वाहतो. फेस दिसतो म्हणून त्यावर आवाज उठतो. न दिसणारा अमोनिया आणि संपलेला प्राणवायू यांच्यासाठी कोणी कॅमेरा घेऊन येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते, आणि त्यांत इंद्रायणी होती.

सगळा दोष कारखान्यांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. रसायनाचा टँकर रात्री ओढ्यात रिकामा करणारा गुन्हेगारच आहे आणि त्याला तशीच वागणूक मिळायला हवी. पण महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, मोई या गावांत गेल्या वीस वर्षांत चाळी आणि इमारती वाढत गेल्या. गाव ग्रामपंचायतीचे राहिले आणि वस्ती शहराएवढी झाली. त्या घरांचे पाणी कुठे जाते? गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. लोणावळा, तळेगाव, देहू यांचेही तेच. चाकणच्या मोटारी जगभर जातात आणि त्या बनवणाऱ्या मुलांच्या मोरीचे पाणी महाशीराच्या डोहात जाते. जाळ्यापासून राखलेला डोह नाल्यापासून राखणारी रीत आपल्याकडे तयारच झाली नाही. पूर्वी गावाला फक्त मासे पकडणाऱ्या हाताला अडवायचे होते. आता अडवायचा तो हात वीस किलोमीटर वर, हजार घरांत विभागलेला आहे.

आणि हे केवळ माशासाठी नाही, याचा पुरावा निघोज्याच्या बंधाऱ्यावरच आहे. आंद्रा धरणातून नदीत सोडलेले पाणी या बंधाऱ्यापाशी उचलून पिंपरी-चिंचवड महापालिका चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेते. दिवसाला शंभर दशलक्ष लिटरची ही योजना आहे. चिखली, तळवडे, मोशी अशा भागांतल्या घरांच्या नळाला इंद्रायणी येते. म्हणजे ज्या पाण्यात मासा तगतो की नाही हा प्रश्न आहे, ते पाणी गाळून आपण पितो. महाशीर टिकेल इतके पाणी स्वच्छ राहिले तर शुद्धीकरणाचा खर्चही कमी होईल. पाणी तपासण्याची इतकी स्वस्त खूण दुसरी नाही.

काही चांगलेही घडते आहे, आणि तेही माणसांमुळेच. डॉ. विश्वास येवले यांनी २००२मध्ये जलदिंडी सुरू केली. आळंदीहून होड्यांतून इंद्रायणी-भीमेच्या पाण्याने पंढरपूरपर्यंत जायचे, वाटेतल्या गावांत नदीविषयी बोलायचे. वारीचा मार्ग पाण्यावरून आखण्याची ही कल्पना मला अस्सल आपली वाटते. नदीच्या जागेवर हक्क सांगणाऱ्या बांधकामांवरही आता प्रश्न विचारले जात आहेत. चिखलीत निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर मे २०२५मध्ये पाडले गेले. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घातली त्यांचे नुकसान पाहवत नव्हते; अशी परवानगी मुळात मिळायलाच नको होती. पूररेषा ही कागदावरची रेघ नाही. पुराच्या पाण्याने पसरायची, मंदावायची आणि माशांच्या पिल्लांना काठच्या गवतात आसरा द्यायची ती जागा आहे.

इंद्रायणीत महाशीर पुन्हा नांदायचा असेल तर बीज आणून सोडणे हे सर्वांत शेवटचे काम आहे. बीज आपल्याकडे पन्नास वर्षांपासून आहे. वळवणला, नदीच्या उगमाशीच. कमी आहे ते बीज जिथे पडेल ते पाणी. प्रत्येक गावाच्या गटाराला शुद्धीकरण हवे, आणि ते यंत्र चालू आहे की नाही हे रात्रीही तपासणारे कोणी हवे. धरणांतून उन्हाळ्यात थोडे पाणी फक्त नदीसाठी म्हणून सुटायला हवे. तळाची वाळू-खडी जागेवर राहायला हवी. काठाची उंबर, करंज, जांभूळ ही झाडे नदी सुधारण्याच्या नावाखाली काँक्रीटच्या भिंतीत जायला नकोत, कारण त्यांची फळे खाऊन मासा वाढतो आणि त्यांच्या मुळांत पिल्ले लपतात. शेलारवाडी-इंदोरीच्या मधे कुंडमळ्याला नदी खडकातून खेळत जाते, रांजणखळग्यांत फिरते. असे तुकडे महाशीराला हवे तसे आहेत, आणि ते अजून शाबूत आहेत.

आणि बंधारे. लहान बंधारासुद्धा वीण करायला वर निघालेल्या माशाला डोंगराएवढा असतो. बंधाऱ्याच्या एका कडेने दगडांचा पायऱ्यापायऱ्यांचा उतार केला, प्रत्येक पायरीवर विसाव्यापुरते पाणी ठेवले, तर मासा चढून जाऊ शकतो. जगात अनेक देशांत नद्यांवर अशा माशांच्या वाटा आहेत. त्यासाठी धरणाएवढा पैसा लागत नाही.

जूनमध्ये पुन्हा निघोज्याला गेले होते. आदल्या रात्री मावळात चांगला पाऊस झाला होता, पाणी तांबूस आणि जोरदार होते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी बोटभर मासे धारेत उसळत होते, भिंतीवर आपटत होते, खाली पडत होते आणि पुन्हा उसळत होते. काठावर दोन मुले जाळे घेऊन उभी होती. त्यांच्यापैकी एकाने एक मासा हातात धरून मला दाखवला. तो महाशीर नव्हता, पाठीवर ठिपके असलेली साधी खवली होती. मी नाव सांगितले तसे त्याने ती पाण्यात सोडून दिली. ती भिंतीकडे वळली.